अक्कांचे गुडघे आणि ह्यांची जीप

म्हातारपणी माणसाला देव आठवतो म्हणतात. आमच्या ह्यांना स्क्रू आठवले.

सासऱ्यांची जुनी जीप मैंदर्गीच्या शेतात बाभळीखाली पडून होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. नोकरीतून मोकळे झाल्यावर ह्यांनी ती सोलापूरला ओढून आणली आणि थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्कांना, फोन लावला. "अक्का, गाडी नीट करतो आणि तुला पुढच्या सीटवर बसवतो!" त्याला कारण होतं. सासरे गाडी चालवायचे तेव्हा पुढं बसायचा मान ह्यांचा, मुलगा ना! अक्का मागं, शेंगांच्या पोत्यावर. आता एकाहत्तर वर्षांच्या झाल्या, तरी पुढं बसायचं राहिलंच.

तर हे नीट करणं तीन वर्षं चाललं. का, तर सगळं ओरिजिनल पाहिजे. असल्या गाड्यांच्या नादी लागलेल्या पुरुषांचा एक गट आहे, तो दर रविवारी आमच्या अंगणात जमायचा. स्क्रूला एक खाच हवी की चार, ह्यावर दोन दोन तास चर्चा. एवढी चर्चा माझ्या सोयरिकीच्या वेळी झाली असती तर फार बरं झालं असतं. माझ्या इडलीपात्राच्या खळग्यांत मापामापाचे नटबोल्ट. मी तोंड उघडलं की, "तुला त्यातलं कळत नाही." बरं बाबा, नाही कळत.

गाडी झाली. देखणी झाली, खोटं कशाला बोलू. अक्का नवं इरकल नेसून आल्या. जीपजवळ गेल्या, पाय उचलला, पण तो काही वर पोचेना. दोन्ही गुडघे ऑपरेशन करून बदललेले, वाकणार किती? खाली पाट ठेवला, तो डगमगला. मी मागून ढकललं, ह्यांनी वरून ओढलं, तशा अक्का धाकट्या भावावर ओरडल्या, "तम्मा, हात उपटून येईल की रं माझा!"

मी म्हटलं, "अहो, एक पायरी बसवा. उसाच्या ट्रॉलीला पायऱ्या करणारा वेल्डर आहे ना, तो अर्ध्या दिवसात करून देईल."

गटातले सगळ्यात जाणते गृहस्थ तिथंच चहा पीत होते. ते दचकलेच. "वहिनी, बॉडीला भोक? गाडी ओरिजिनल राहील का मग?"

हे गाडीभोवती एक फेरी मारून आले.

अक्का घराच्या पायऱ्यांवर टेकल्या. "तम्मा, माझे गुडघे तरी कुटं ओरिजिनल हायत? डॉक्टरनं भोकं पाडूनच बसवल्यात की. तरी मला अक्काच म्हणतूस न्हवं?"

जाणते गृहस्थ आपला कप फिरवून फिरवून बघू लागले. त्याला स्क्रू आहे का शोधत असावेत.

हे मात्र तरीही गाडीभोवती फेऱ्याच मारत राहिले. नव्या रंगावरून हात फिरवायचे, मागं सरायचे. शेवटी अक्काच उठल्या. "ऱ्हाऊ दे तम्मा. मी जाते आपली एसटीनं. मागं बसायची सवय हाय मला."

तेवढं ऐकलं आणि ह्यांनी वेल्डरला फोन लावला.

दुपारी पायरी आली. ड्रिल ह्यांनी स्वतःच धरलं. भोकं कुठं पाडायची ते मी कुंकवाचं बोट टेकवून दाखवलं, ज्या बाईला त्यातलं काही कळत नाही तिनं! एकेक भोक पडताना ह्यांचं तोंड असं, जणू कुणी ह्यांचीच दाढ उपटतंय. जाणते गृहस्थ मधेच उठून गेले. बघवेना म्हणे.

अक्का पायरीवर पाय देऊन चढल्या आणि पुढं बसल्या. मी मागं.

कुंभारीच्या वाटेला शेरडांचा कळप आडवा आला. ह्यांनी हॉर्न दाबला तर आवाजच नाही, कारण ओरिजिनल हॉर्न अजून मिळायचा आहे. मग अक्काच बाहेर वाकून ओरडल्या, "हॉय! हॉय! सरका की!"

शेरडं राखणारी बाई हसली. "म्हातारे, उतर की खाली, चालत लवकर पोचशील!"

"आत्ता कुटं चढलीया मी," अक्का म्हणाल्या, "लगीच उतरू व्हय?"