झाकणाचं निळं भांडं

जुन्या विलायती निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं खूळ मला देवळालीत लागलं. तिथल्या एका बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. गेले होते खुर्च्या बघायला आणि आले ताटल्या घेऊन. पांढऱ्या चिनी मातीवर निळे पूल, निळी झाडं, बुडाला कारखान्याचा पुसट शिक्का. पुढे भंगारवाले मला ओळखायला लागले आणि आमचे हे म्हणू लागले, "इंग्रज गेले, पण त्यांची भांडी घासायला तुला ठेवून गेले."

सगळ्यात देखणं होतं झाकणाचं एक खोलगट भांडं. एकदा येवल्याहून माझी थोरली बहीण आली होती. निघताना तिची पिशवी यांनीच भरली आणि उरलेलं आम्रखंड नेमकं त्याच भांड्यात घालून दिलं. संध्याकाळी कपाटातली रिकामी जागा दिसली तेव्हा मी यांच्यावर अशी उखडले की विचारू नका.

ताईला फोन केला. ती म्हणाली, "भांडं नीट हाय गं. पण रिकामं कसं देऊ? थंडी पडू दे, डिंकाचे लाडू करते अन् घेऊनच येते."

आमच्यात शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. ताईला साखरेवर भागवायचं नव्हतं. थंडी आली आणि तिचे गुडघे धरले. पुढच्या थंडीतही तेच. मी म्हणायचे, "अगं, मीच येते न्यायला." ती म्हणायची, "तू ये की खुशाल, पण भांडं मीच आणून देणार." लाडू झाले नाहीत, मग कुठल्या तोंडानं यायचं, असं तिला वाटू लागलं. लग्नकार्यात भेटली तरी आधी भांड्याचंच बोलायची. एका भांड्यापायी बहिणीचं माझ्या घरी येणं बंद झालं, याची मला अजून चीड येते. कोणावर चिडायचं, तेच कळत नाही.

गेल्या पावसाळ्यात ताई गेली. दिवसकार्य झाल्यावर तिची सून भांडं घेऊन आली. जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं, तळाशी साखर. म्हणाली, "आईंनी बजावून ठेवलं होतं, रिकामं नेऊ नको म्हणून."

संच आता पूर्ण आहे. येणारेजाणारे कौतुक करतात. मला मात्र राहून राहून वाटतं, ताईनं ते रिकामं आणलं असतं, वाटेत फोडून हात हलवत आली असती, तरी चाललं असतं. ती यायला हवी होती.