अकोल्याच्या काट्यावर मी काय केलं

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो गेला, सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. थकले, एवढंच.

अमरावतीत आमचा वजनकाटा आहे, मालाच्या गाड्या तोलायचा. मी चौथी शिकलेली. सून वैशाली कॉम्प्युटर शिकून आली. काट्याचा प्रोग्राम तिनेच लिहिला. तो सगळं स्वतः करत नाही, दुसऱ्या प्रोग्रामना हाक मारतो: पावती छापायला एक, चुकलेली नोंद पुसायला एक. ती म्हणायची, "आई, थो पुसनारा हाताखालचा गडी समजा. आपल्या साऱ्या चाव्या त्याच्यापाशी. गाडीचा नंबर टाकला नसन, तं मी त्याले हाकच मारू देत नाई." मला समजलं होतं. न समजण्यासारखं त्यात काय होतं?

पुढे अकोल्यात दुसरा काटा घेतला. तिथला कॉम्प्युटर वेगळा. हाताखालचे प्रोग्राम दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच जागी. वैशालीचा प्रोग्राम अडला. काट्यावर मी एकटी, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. ती फोनवर म्हणाली, "उद्यापर्यंत हातानं लिहा. मी आल्याबिगर कोणाले हात लावू देऊ नका."

मी दुरुस्तीवाला बोलावला. त्याने नावं बदलली, पण वैशालीने घातलेला अडसर, नंबराशिवाय हाक न मारू देण्याचा, मध्ये येत होता. "मावशी, हा काढनं बरं नाई," तो म्हणाला. मी म्हटलं, "काढ तू. लय शायनी समजते थे सोताले." गाड्या सुटल्या. वैशालीला कळवलं — आपोआप सुरू झालं, येऊ नको.

काही आठवड्यांनी एक नोंद चुकली. मी नंबर न टाकताच पुसायचं बटण दाबलं. कोणाची पुसायची ते सांगितलंच नाही — सगळ्या पुसल्या गेल्या.

व्यापारी भांडायला आले. मुलगा सगळ्यांसमोर वैशालीवर ओरडला, "येत नाई तं करतं कायले?" तिने मला विचारलं, "आई, कोनी हात लावला होता का?"

"कोन लावन? तुयंच काम थे."

भ्याले होते? थोडी. पण घरात उठता-बसता तिचं कौतुक चालायचं, आणि तिची मान खाली गेली तेव्हा — मला बरं वाटलं.

मुलाने विकतचा प्रोग्राम घातला. जुना तिला उघडूनही पाहू दिला नाही. परवा मूर्तिजापूरच्या एका काटेवाल्याने तिच्याकडे प्रोग्राम मागितला. "माह्या कामाचा भरवसा नाई, दादा," ती फोनवर म्हणाली. मी शेजारी भाजी निवडत होते. ऐकलं, आणि निवडत राहिले.