हिरोकाकाचं गाऱ्हाणं

कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी हिरोकाका थरथरायचा. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ बाविसाव्या वर्षी एका गाजलेल्या चित्रपटाचा नायक झाला, आणि पुढची चाळीसेक वर्षं नायकाचा मित्र, इन्स्पेक्टर, मुलीचा बाप अशा पायऱ्या उतरत राहिला. आमच्या गावात, जामसंड्यात मात्र तो कायम हिरोच. मासेवाली त्याच्यासाठी सुरमई राखून ठेवायची आणि हा कॉलर ताठ करून ती आणायला जायचा.

थरथरण्याची त्याला लाज नव्हती. "भंय वाटला काय समजायचा, काम बरा होतला," असं तो म्हणायचा.

गेल्या वर्षी ही भीती बदलली. सावंतवाडीजवळ चाललेल्या एका मालिकेत तो आजोबा होता आणि सोबतीला मी. एका दुपारी चार शब्दांचं वाक्य त्याला सात वेळा सांगूनही आठवेना. पुढे डॉक्टर जे म्हणाले, ते आम्ही दोघांनीच ऐकलं. "कोणाक सांगू नको गो," एवढंच तो म्हणाला. कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि कामाशिवाय हा माणूस जगेल कसा, या विचारानेच मला धडकी भरायची. मग मी कॅमेऱ्यामागे उभी राहून नुसत्या ओठांनी वाक्यं सांगू लागले.

त्यात जत्रेला गाऱ्हाणं घालायचा मान गावाने त्याला दिला, आवाज भारदस्त म्हणून. देवासमोर गावासाठी मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला लोकांनी होकार भरायचा. काकाला नाही म्हणवेना. मी आठवडाभर पाठ करून घेतलं.

दोन मागणी नीट झाली. तिसऱ्याला तो थांबला. मी समोरून ओठ हलवत होते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. देवाकडे बघत होता.

"बा देवा म्हाराजा, माका आता कायच आठवणा नाय. माका खूप भंय वाटता. सांभाळून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला.

नंतर लोक त्याची पाठ थोपटत होते. काय अभिनय केला, म्हणत होते. मासेवालीने तर डोळे पुसले. गर्दीतून बाहेर पडताना काकाने माझा हात धरला. त्याचा हात अगदी स्थिर होता.

"आता भंय नाय गो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच फोन करून मालिका सोडली. आता तो पडवीत शांत बसलेला असतो. मी चहा घेऊन जाते तेव्हा आज मला ओळखेल ना, म्हणून कप माझ्याच हातात थरथरतो.