थ्री फेजवाले घरमालक

बिघडलेल्या पंख्याचा आवाज ऐकून ज्याचा चेहरा खुलतो असा माणूस जगात एकच आहे, आणि बल्लारपुरात शाळामास्तर असताना मी त्याच्याच घरी भाड्याने राहत होतो. अख्खा मोहल्ला आमच्या घरमालकांना चाचा म्हणे, म्हणून मीही चाचाच म्हणायला लागलो. बसस्टँडच्या मागे त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडायची, तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसायची, नवी तांब्याची तार भरायची आणि मोटार सुरू करून डोळे मिटून बसायचं, असा त्यांचा धंदा. खरं तर शेवटच्या कामाची कोणाला गरज नसे. गिऱ्हाईक बिचारं शेतातलं धानाचं रोवणं अर्ध्यावर टाकून पंपाची मोटार न्यायला आलेलं असे, आणि चाचा त्याचा हात धरून म्हणत, "जरासा थांब ना बाबू. काय गाऊन राह्यली पाय." तो कसला पाहतोय. तो मोटार सायकलीला बांधून चालू लागे, आणि चाचा मुलीची पाठवणी केल्यासारखे दारात उभे राहत.

मला खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती, खोलीतला पंखा दुरुस्त करायचा नाही. त्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं आणि फिरताना ते दर फेऱ्याला टक् करून वाजे. पहिल्या उन्हाळ्यात मी वैतागून गेलो. पण रविवारी दुपारी मी जरा आडवा झालो, की चाचा हळूच दार लोटून आत येत, माझ्या खुर्चीवर बसत आणि वर बघत राहत. "गुरुजी, आज जरा जोरात वाजवून राह्यला. व्होल्टेज चांगलं हाये वाट्टे." घरमालकच तो, त्याला बाहेर जा कसं म्हणायचं? पुढे पुढे मलाच त्या टकटकीशिवाय झोप येईना. संगत म्हणतात ती हीच.

दोन हजार सालाच्या आसपास त्यांच्या भाच्याने दुबईहून एक कॅसेट आणली. टेक्नो म्हणून काही प्रकार होता. नुसता धाड धाड ठोका आणि वर कसलीशी किरकिर. चाची भाजी निवडत बसल्या होत्या. पहिली बाजू संपली तरी त्यांना वाटत होतं, गाणारा आत्ता येईल. गाणारा काही आला नाही. चाचा मात्र ताठ बसले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी. "हे तं आपल्या मोटारीचंच गाणं हाये, गुरुजी. आन् आपून इतके साल याले बिघाड समजून राह्यलो." त्या दिवसापासून माणूस गेला कामातून. नागपूरहून एक जुना कम्प्युटर आला, बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड आला, आणि चाचींनी शिलाई मशीन ठेवायला म्हणून राखलेली मागची खोली बघता बघता तारांनी भरून गेली. शिलाई मशीन व्हरांड्यात, आणि चाचीही व्हरांड्यात.

चाचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून आवाज गोळा करत हिंडायचे. स्टेशनात कोळशाच्या वॅगनी एकमेकींना भिडल्या की हे पुलावर हजर. चाची ब्लाउज शिवायला बसल्या की हे माइक घेऊन मशीनच्या पायडलपाशी. मध्येच चाची काही बोलल्या की हे कपाळावर हात मारत. "तू बोलली आन् ताल तुटला." चाची मला म्हणत, "गुरुजी, तुमीच समजवा यायले. घरात बायको बोलली तं त्याले बिघाड म्हंते हा माणूस." मी काय समजावणार? माझ्याच गावच्या राइस मिलची मोटार भरायला मी त्यांना घेऊन गेलो होतो, आणि मोटार भरून झाल्यावर हे दिवसभर तिथेच धानाच्या पोत्याला टेकून मिलचा आवाज भरत बसले होते. म्हणजे पापात माझाही वाटा होता.

अखेर कॅसेट निघाली. नाव ‘थ्री फेज’. वेष्टनावर सफारी घातलेले चाचा, गळ्यात हारासारखं तांब्याच्या तारेचं वेटोळं. आतल्या गाण्यांची नावं ‘लोड वाढला’, ‘बेअरिंग गेली’, ‘फ्यूज टाकून पाहा’ अशी. चाचांनी कॅसेट ओळखीच्या सगळ्यांना हातात नेऊन दिली आणि मग रोज संध्याकाळी ‘कशी वाटली’ म्हणून विचारत फिरले. आमच्या हेडमास्तरांनी कॅसेट परत केली. "कोरी निघाली हो. नुसती मशीन वाजते." चौकातल्या चहावाल्याला वाटलं टेप बिघडला, त्याने उघडून आत तेल घातलं. चाचा हसत घरी आले, पण त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत पंखा ऐकायला आले नाहीत. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना उदास कधी पाहिलंच नव्हतं.

चाचींनी तेव्हाच तोंडावर विचारलं, "आता तरी खोली देता का मले?" चाचा म्हणाले, "एक डाव लोकायसमोर वाजवू दे. गाणं आयकून एकही माणूस जागेवरून उठला नाई, तं कम्प्युटर इकून टाकतो आन् तुही मशीन मी सोता आत ठेवतो." चाची म्हणाल्या, "गुरुजी साक्षी हायेत." झालं. आता मलाच काहीतरी करणं आलं. आमच्या गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, कमिटीत माझा सख्खा भाऊ होता. त्याच्या हातापाया पडून मी मंडईच्या दिवशी दुपारी, नाटकाच्या मांडवात, चाचांच्या कॅसेटसाठी वेळ मागून घेतला.

आता आमच्या मूल तालुक्यातल्या गावांची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तेव्हा मोठ्या मोटारी ज्यावर चालतात तो थ्री फेजचा करंट कधी येईल याचा नेम नसे. कोणी तारांकडे बघत बसत नसे. करंट आला की मिलचे मालक, सगळे त्यांना गिरणीवाले भाऊ म्हणत, राइस मिल सुरू करत, आणि मिलचा आवाज कानावर पडला की बाया धानाची टोपली उचलत आणि माणसं पंप सुरू करायला शेताकडे सुटत. जेवणाऱ्याने ताट सारावं आणि भांडणाऱ्यांनी भांडण उद्यावर टाकावं, असा त्या आवाजाचा मान. चाचांच्या पहिल्याच गाण्यात ती मिल होती, हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही तो पडला नाही.

मांडव भरलेला होता. भोंगे जनरेटरवर होते. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं. आधी चाचींच्या मशीनची टिकटिक, मग हळूहळू मिलची धडधड चढत गेली, आणि मांडवातली पहिली बाई उठली. चाचांनी माझा हात घट्ट धरला. मग दुसरी उठली, मग ओळच्या ओळ, मग सगळा मांडव. चाचांच्या चेहऱ्यावर हसू मावेना. आणि मग ते सगळे उठलेले लोक पाठ फिरवून, लगबगीने, एकमेकांना ढकलत निघून गेले. मांडवात चाचा, मी, जनरेटरवाला आणि एक आंधळी म्हातारी एवढेच उरलो. चाचा रिकाम्या सतरंज्यांकडे बघत म्हणाले, "सबके सब उठले, गुरुजी. पर जाऊन राह्यले." एवढं बोलून ते वाकून वायर गुंडाळायला लागले. कॅसेट बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. त्या क्षणी धरणीने मला पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मिलच्या दिशेने गलका ऐकू आला. डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया, धानाची चुंगडी-पोती खांद्यावर घेतलेली माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे गिरणीवाले भाऊ, सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरलेले. ते घामाघूम झाले होते. "मिलले कुलूप हाये. चावी माह्या खिशात हाये. मंग माही मिल चालवून कोण राह्यलं?" कोणी काही बोलायच्या आत ते भोंग्यापाशी गेले, त्याच्या खांबाला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "पट्टा ढिला वाजून राह्यला. माहीच मिल हाये ही." मग गावाला उलगडा झाला आणि जे हसू फुटलं ते थांबेचना. एक बाई टोपलं खाली ठेवून त्यालाच टेकून बसली. "धान आणलंच हाये तं आयकून जातो बाप्पा. लावा पुन्हा." चाचांनी पुन्हा पहिल्यापासून लावली. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तरण्या पोरांनी नाचून धूळ उडवली, पण चाचांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते गिरणीवाल्या भाऊंकडे बघत होते आणि भाऊ भोंग्याकडे.

घरी मात्र निकाल लागला नाही. चाचींचं म्हणणं, "ते धानासाठी उठले, तुमच्या गाण्यासाठी कुठी उठले? आन् पोरं तं वरातीच्या बँडवरही नाचते." चाचांचं म्हणणं, "उठले ना?" हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला, जेवताना, सणावारी, माझ्यासमोर आणि माझ्यामागे. तोवर कम्प्युटर आत आणि शिलाई मशीन व्हरांड्यात. दोघंही त्या वादात सुखी होती असं मला वाटतं.

पुढे माझी बदली आलापल्लीला झाली. मध्यंतरी आमच्या गावची मिल बंद पडली, गिरणीवाले भाऊ म्हातारे झाले, त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. एका सुटीत मी बल्लारपूरला चाचांकडे गेलो आणि बोलता बोलता सांगितलं, की भाऊंची सून रोज दुपारी त्यांना ‘थ्री फेज’ लावून देते. चाचांनी एकच विचारलं, "भाऊ बसून आयकते का उठते?"

"उठतात," मी म्हणालो. "मिल नाही, धान नाही, काही नाही. पण उठून उभे राहतात आणि खिशातली चावी चाचपतात."

व्हरांड्यातलं शिलाई मशीन थांबलं. चाचींनी आमच्याकडे न बघताच दाताने दोरा तोडला आणि म्हणाल्या, "मंग राहू द्या कम्प्युटर."

तो कम्प्युटर बंद पडून जमाना झाला होता. जाताना मी मागच्या खोलीत डोकावलो, तर त्याच्यावर फुलाफुलांच्या कापडाचं, चारही बाजूंनी झालर लावलेलं कव्हर होतं, आणि शिलाई चाचींची होती.