तळाची माती आणि मेसाजीमामा

मेसाजीमामांविषयी मी लिहावे की नाही, या विचारात माझे दोन महिने गेले. माझ्या पहिल्या चार इयत्ता निजामाच्या राज्यात उर्दूतून झाल्या. मराठी घरात बोलत होतो, पण लिहायला उशिरा शिकलो, आणि अजूनही एखादे वाक्य लिहिले की ते बरोबर आहे का, हे कुणाला तरी विचारावेसे वाटते. वडील अंगठा करीत. थोरले भाऊ जेमतेम पत्र लिहितात. अशा घरातून कॉलेजात आलेल्या मुलाने एका माणसाचे चित्र काढायला बसावे, हे धाडसच आहे. पण मामांविषयी लिहील असे आमच्या बोरी गावात दुसरे कुणी नाही, म्हणून मी लिहितो. काही चुकले तर बोरीच्या जाणत्या माणसांनी मला खुशाल टोकावे.

मामा पोहायला शिकवीत तेव्हा विहिरीच्या पायरीवर बसत आणि आमची धोतरे आपल्या मांडीखाली दाबून ठेवीत. बुडी मारून वर आलेल्याला ते एकच प्रश्न विचारीत, "काय दिसलं?" त्याचे नीट उत्तर दिल्याशिवाय धोतर मिळत नसे. दिवाळीनंतरच्या गार वाऱ्यात लंगोटीवर कुडकुडत उभे राहून मी कितीतरी वेळा म्हटले असेल, "मामा, अंधार होता. काई दिसलं न्हाई." त्यावर मामा शांतपणे सांगत, "मग परत जाऊन बग. धोतर कुटं पळून जायलंय?"

सारे गाव त्यांना मामा म्हणे. जातीने ते धनगर. पन्नासेक मेंढरे, दोन कुत्री आणि माळावरचा एक तुकडा एवढा त्यांचा संसार. कातरणीच्या आधी मेंढरे नदीत धुवावी लागतात. डोहात घसरलेली कोकरे काढता काढता ते लहानपणी बुडी मारायला शिकले, असे ते सांगत. पुढे विहिरीत भांडे पडले, पोहरा तुटला की गाव त्यांनाच बोलावू लागले. वालूरपासून पूर्ण्यापर्यंत त्यांना बोलावणी येत.

पोलीस ॲक्शननंतरचे वर्ष मला चांगले आठवते. रझाकारीच्या दिवसांत गाव सोडून गेलेल्या लोकांनी आपली पितळी भांडी, समया, कुणी कुणी तर डागिन्यांची डबी पोत्यात बांधून विहिरीत सोडली होती. नंतर भ्यालेल्या काही मुसलमान घरांनीही तेच केले. परत आल्यावर जो तो मामांकडे येई. मामा एकेक पोते वर काढून ज्याचे त्याच्या दारात नेऊन ठेवीत. चावडीवर कुणी खोदून विचारले, की अमक्याच्या पोत्यात काय होते हो, तर मामा म्हणत, "मला पाण्यात लय कमी दिसतंय बाबा. म्हातारा झालो." आणि तोंड पुसून निघून जात. त्यांना पाण्यात किती दिसे, हे पुढे आम्हा शिकणाऱ्यांनाच कळले.

गावाच्या पूर्वेला चिंचेची विहीर आहे. एका बाजूला मोट चालते, दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवरून बायका पाण्याला उतरतात. उन्हाळ्यात तिला तीन पुरुष पाणी असते, दिवाळीला पाच. एक पुरुष म्हणजे एक उभा माणूस. आमच्याकडे पाण्याची खोली अशीच मोजतात. या विहिरीचा एक रिवाज आहे. जो पहिल्यांदा तळाला जाऊन मूठभर माती आणतो, तो मोटेच्या दगडी खांबावर त्या मातीचा पंजा उठवतो. पावसाळ्यात पंजा धुऊन जातो, पण त्या माणसाची गणती पाणबुड्यांत होते. भांडे पडले की त्यालाही हाक येते.

मला तो पंजा फार हवा होता. शाळेपायी मी शेतात कच्चा राहिलो. पेरताना माझी पाभर वाकडी जाई, आणि गावातले लोक मला कौतुकाने पण हसूनच "पुस्तकातलं लेकरू" म्हणत. गावाला माझा काही उपयोग आहे, असे एकदा तरी दिसावे, ही माझी इच्छा होती. मॅट्रिकच्या वर्षी पांगऱ्याचे ओंडके कमरेला बांधून मी पोहायला शिकलो. महिन्याभरात ओंडके सुटले. लगेच मी विचारले, "मामा, तळ कधी आनायचा?"

"घाई कुनाला हाय?" मामा म्हणाले. "इहिरीला का तुला?"

माझ्याबरोबर वाण्याचा दत्ता शिकत होता. तो आठ दिवसांत माशासारखा पोहू लागला. त्याचा दम माझ्या दुप्पट होता. मामांनी त्यालाही खाली जाऊ दिले नाही. दत्ता चिडून म्हणाला, "दुसरं कुनी तयार झालं तर मामाला कोन इचारंल? म्हनून आडवून ठेवायलाय म्हातारा." आणि त्याने विहिरीवर येणे सोडले. मला लिहायला लाज वाटते, पण त्याचे बोलणे मला थोडे खरे वाटले होते.

औरंगाबादला कॉलेजचे पहिले वर्ष संपवून मी उन्हाळ्यात गावी आलो. मामा मेंढरे घेऊन लांब माळावर गेले होते. मोटेवर आमचा शेजारी किसन होता. तो म्हणाला, "तीन पुरुष तर पानी हाय. औरंगाबादेला जाऊन आलास अन् अजून मामाची परवानगी लागतीया का तुला?" मी धोतर काढले आणि उडी घेतली. खाली जाताना डोळे घट्ट मिटले होते. कान दुखू लागले, छाती फुटायला आली, पण हात मऊ गाळात गेला. मूठ आवळून मी वर आलो आणि खांबावर पंजा उठवला. किसनने मोट थांबवून माझी पाठ थोपटली. तेवढ्यात मेंढरांचा आवाज आला. मामा त्यांना पाणी पाजायला विहिरीवरच आले होते.

त्यांनी ओला पंजा पाहिला. "कुनाचा हाय?"

"माझा, मामा."

"बरं. काय दिसलं?"

"तळ."

"तळ तर हायच. अजून?"

मी बोटांना लागलेला गाळ पुसू लागलो. मामा खाली वाकले आणि माझ्या पायाच्या बोटांत अडकलेला एक काळा, कुजका धागा त्यांनी ओढून काढला. "हे कुटलं?"

"गवत असंल."

मामांनी पटका सोडून माझ्या हातात दिला आणि ते पाण्यात गेले. बऱ्याच वेळाने वर आले तेव्हा त्यांच्या हातात दोराचे एक टोक होते. "वडा," ते म्हणाले. मी आणि किसनने ओढायला सुरुवात केली. मोटेचा जुना नाडा होता तो, मनगटाएवढा जाड, मागे कधीतरी तुटून तळाशी पडलेला. वेटोळ्यावर वेटोळे येतच राहिले. त्याला ठिकठिकाणी पाय अडकेल असे फास पडले होते. शेवटचे टोक एका मोठ्या दगडाखाली अडकले होते. ते काही केल्या सुटले नाही आणि मामांनी पुन्हा खाली जाऊन विळ्याने कापले.

नाड्याचा ढीग माझ्यापुढे पडला होता. किसन मान खाली घालून बैलांकडे गेला.

"हे तुला दिसलं न्हाई," मामा म्हणाले. "तुला निस्ती माती पायजे व्हती. जित्ता माणूस खाली गेला की त्याचं ध्यान समदं दमात आडकतंय. डोळे उघडे असून बी मिटल्यासारके. मी रोज इचारतो ते काय गंमत म्हनून इचारतो का? ज्याला एक पुरुषावर दिसत न्हाई, त्याला तीनावर काय दिसायलंय?"

ते रागावले नाहीत. पंजा पूस असेही म्हणाले नाहीत. मी पाण्याने तो धुतला तेव्हा ते मेंढरे मोजीत होते. जाताना एवढेच म्हणाले, "उद्यापासून एक पुरुष."

ती सगळी सुट्टी मी एक पुरुष पाण्यात काढली. शिकणे सोडलेला दत्ता आता मजा बघायला येई आणि वरून हसायचा. पण हळूहळू मला दिसू लागले. पाण्याखाली बांधकामाच्या तिसऱ्या थरातला एक दगड बाहेर आला आहे, त्याच्या खोबणीत खेकडा राहतो, पायऱ्यांच्या बाजूला ऊन तिरपे उतरते आणि त्यात गाळाचे कण तरंगतात. मी सांगे आणि मामा ऐकत. कधी ते मुद्दाम म्हणत, "खेकडा डाव्या हाताला हाय ना?" मी म्हणे, "न्हाई मामा, उजव्या." मग ते धोतर पुढे करीत. सुट्टी संपता संपता त्यांनी मला दोन पुरुषांवर नेले. माझे दम मोजणे केव्हा सुटले, हे मलाही कळले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा गेलो. विहीर भरली होती, पाच पुरुष. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गंगाकाकूंची कळशी पायरीवरून घरंगळून पाण्यात गेली. तांब्याची, माहेरची कळशी. काकू रडवेल्या झाल्या. मामांना हाक गेली. ते आले, पायरीवर बसले आणि पाण्याकडे पाहून मला म्हणाले, "दिगू, आज तू जा."

मला वाटले, आलीच ती वेळ. वर दहा-बारा माणसे जमली होती. मी खाली गेलो. तीन पुरुषांपर्यंत सगळे ओळखीचे होते. त्याखाली पाणी एकदम गार झाले. मी चारच्या खाली गेलो आणि उजवा कान असा ठणकला की जणू सुई खुपसली. थोडे वर आलो, थांबलो, पुन्हा उतरलो, ठणका वाढला. खाली कळशी दिसत होती. हातभर, फार तर दोन हात लांब. दमही होता. मी तिच्याकडे पाहिले आणि वर आलो.

"काय दिसलं?" मामांनी विचारले.

"कळशी हाय. आडवी पडलीया, तोंड पायऱ्यांकडं. पन कान लय दुकायलाय. म्हनून वापस आलो."

"दिसली तर आनायची न्हाई का रे बाबा?" काकू म्हणाल्या.

"कालेजात लांबून बगायचंच शिकवत असतेल," किसन म्हणाला, आणि सगळे हसले. दत्ता सर्वांत मोठ्याने हसला.

मामा हसले नाहीत. त्यांनी पटका ठेवला, बुडी मारली आणि कळशी आणून काकूंच्या हातात दिली. मला म्हणाले, "कानात तेल घालू नको. आपोआप बसंल." मग मेंढरांकडे निघून गेले.

मी दुसऱ्याच दिवशी औरंगाबादला परतलो. चांगली चार दिवसांची सुट्टी शिल्लक होती. पूर्ण्याला गाडी बदलताना मनाशी ठरवले, की आता विहिरीकडे फिरकायचे नाही. मामांनी एवढी माणसे असताना मला पाठवले आणि मी त्यांना मान खाली घालायला लावली, असेच मला वाटत होते. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गावी गेलोच नाही. अभ्यासाचे निमित्त सांगितले. भावांच्या पत्रात "मामा तुझी चौकशी करतात" असे एकदा आले होते. त्यालाही मी उत्तर दिले नाही. ते दिले असते तर बरे झाले असते.

या पावसाळ्यात भावांचे पत्र आले. पत्ता अर्धाच लिहिला असल्यामुळे ते कुठे कुठे फिरून सोळाव्या दिवशी माझ्या हातात पडले. त्यांची अक्षरे मोठी असतात, म्हणून दोनच पाने होती. पहिल्या पानावर पेरणीची हकिगत होती. दुसऱ्या पानावर लिहिले होते:

"मेसाजीमामा वारले. कावीळ झाली होती. पंधरा दिवस पडून होते. शेवटी शेवटी मंडळी भेटायला जमली तेव्हा कोणी बोलले की मामा, आता गावाच्या विहिरीत कोण उतरणार. दत्ताचे नाव निघाले. मामा म्हणाले, दत्ताला धाडू नका, मरंल. दिगू हाय की. त्यो रिकाम्या हातानं वापस येतो. असे का म्हणाले ते कोणाला कळले नाही, तापात असतील. पण मरणाऱ्या माणसाचा शब्द म्हणून गावाने ठरवले आहे. काल शाळेच्या मास्तरांची बादली चिंचेच्या विहिरीत पडली. तू कधी येतोस ते कळव, तोवर कोणी उतरणार नाही."