पाताळराजाला मारायचा बेत

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसाल तुम्ही! मला पाहायला आलेल्या माणसांसमोर मी त्यांच्याच घरातल्या थोरल्या माणसाला ठार मारायचा बेत सांगितला. तोही मोठ्या आवाजात!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंजावुरात तेव्हा घराघरांवर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या आणि बसस्टँडवर रंगीत कॉमिकं मिळायला लागली होती. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, वय सत्तावीस, आणि वेड कसलं? तर पाताळराजाचं!

पाताळराजा म्हणजे तमिळ कॉमिकातला महादुष्ट. जमिनीखाली त्याचं राज्य. डोक्यावर एक केस नाही, भुवया पांढऱ्याशुभ्र. हातातल्या यंत्रातून हुकूम सोडायचा. आणि मरण? मरणच नाही हो त्याला! दर अंकात मरायचा, पुढच्या अंकात हजर. अकरा अंक मी बीजगणिताच्या गाइडमध्ये लपवून वाचले होते.

तर त्या रविवारी कुंभकोणमहून पाहुणे आले. त्यांचं पितळी भांड्यांचं मोठं दुकान. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत त्यांची गाडी कशीबशी शिरली. मी रेशमी पट्टुसाडी नेसून, मान खाली घालून ओळीनं सगळ्यांच्या पाया पडले. तोंडं कोण बघतंय? नुसती पावलं बघितली!

अक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, आधीच कानात सांगितलं होतं, "मुलगा वाचणारा आहे गं, तुझ्यासारखा." चोरून बघितलं तर खरंच! त्याच्या हातात रंगीत कव्हराचं काहीतरी गुंडाळलेलं. कॉमिकच! माझं काळीज उड्या मारायला लागलं.

अण्णा, माझे वडील, तेव्हाच्या मानानं पुढारलेले. म्हणाले, "दोघं परसात जाऊन दहा मिनिटं बोला."

परसातल्या विहिरीजवळ पोचतो न पोचतो तोच मी विचारलं, "तुम्हाला पाताळराजा माहीत आहे?"

तो दचकला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? सगळं ठाऊक आहे मला! जमिनीखालीच राहतो ना?"

"हळू बोला हो," तो म्हणाला. "दुकानाच्या तळघरात असतात. उन्हाळ्यात तर वर येतच नाहीत."

असतात! येत नाहीत! दुष्टालासुद्धा अहो-जाहो? केवढा संस्कारी मुलगा!

"आणि त्या यंत्रातून हुकूम सोडतो!"

"नवा इंटरकॉम बसवल्यापासून तर विचारू नका. वर आम्ही सगळे चळाचळा कापतो."

"शिवाय मरतही नाही!"

त्यानं मागं वळून बघितलं आणि आवाज आणखी खाली नेला. "तीनदा डॉक्टरांनी हात टेकले. तिन्ही वेळा उठून बसले आणि फिल्टरची गरम कापी मागितली."

डॉक्टर? हा अंक कुठला? माझ्याकडून निसटला की काय? मी अशी पेटले म्हणता! "हे बघा, विषाचा काही उपयोग नाही. मी पूर्ण विचार केलाय. तो झोपला की बाहेरून दार लावायचं आणि आत धूर सोडायचा!"

त्याच्या कपाळावर घाम आला. "तुम्ही... हा विचार कधीपासून करताय?"

"तीन वर्षं!"

"हळू, हळू! अहो, आज ते वर आलेत!"

"वर आलाय?" मी टाळीच वाजवली. "मग आजच मारू या की त्याला!"

माझा आवाज वर्गातला. साठ मुलींना गप्प करणारा. परसातून थेट बैठकीत गेला. तिथलं बोलणं खाडकन थांबलं.

मग आतून एक खणखणीत म्हातारा आवाज आला, "मारायच्या आधी कापी तरी मिळेल का, मुली?"

अय्यय्यो! तेव्हा कळलं. पाताळराजा हे मुलाच्या आजोबांचं नाव, घरच्यांनी त्यांच्या पाठीमागं ठेवलेलं. आणि त्याच्या हातातलं ते रंगीत कव्हर? भांड्यांचा कॅटलॉग!

मी धावत आत गेले. आई भिंतीला टेकून उभी. अण्णा म्हणाले, "सुभे, काय बोललीस तू?"

"तसं नाही हो! थांबा, दाखवते!" म्हणत मी अकराच्या अकरा अंक आणून त्यांच्यापुढं ओतले.

तिथंच दुसरी चूक झाली. वरच्या अंकावर पाताळराजाचं तोंड, हे एवढं मोठं. टक्कल, पांढऱ्या भुवया. मी मान वर करून आजोबांकडे पहिल्यांदा नीट बघितलं. टक्कल. पांढऱ्या भुवया! मुलाच्या आईनं पदर तोंडात कोंबला. मुलगा खांबामागं जाऊन हसत होता की रडत होता, देव जाणे.

आजोबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. एक अंक झाला, दुसरा उघडला. कापी निवली, भजी गार झाली. तिसऱ्या अंकाला ते म्हणाले, "माणूस कामाचा आहे. राज्य चालवतो नीट." मी पदराचं टोक पिळत उभी. गेलं, हेही स्थळ गेलं! आणि खरं सांगू? मुलगा मला फार आवडला होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी चष्मा काढला आणि अण्णांकडे न बघता थेट मला विचारलं, "मग, आमच्या घरी द्यायची ना? एकदा नेली की परत मागायची सोय नाही, आत्ताच सांगतो."

डोळ्यांत पाणी आलं. मी लाजून, मान अगदी खाली घालून म्हटलं, "मला पसंत आहे."

आजोबांनी चष्मा परत लावला.

"मुली," ते म्हणाले, "मी पुस्तकांचं विचारतोय!"