साखराबाईच्या बारा शिंदी

आमची नाटक कंपनी नायगावच्या बाजूला तंबू ठोकायची, तेव्हा प्रेक्षक साखराबाईने शिंदीच्या पानांच्या विणलेल्या चटयांवर बसायचे. मी राजाच्या वेषात तिच्याच चटईवर दरबार भरवायचो. म्हणून आजही ती मला 'राजे' म्हणते.

ओढ्याकाठच्या बारा शिंदी सासूने मरताना तिच्या हवाली केल्या, दोन गोष्टी बजावून. बाहेरच्या झावळ्या कापायच्या, मधल्या कोंबाला विळा लावायचा नाही. कोंब गेला की झाड मेलं. आणि कापलेलं पान विणल्याशिवाय टाकायचं नाही. नवरा गेला, मूलबाळ नाही. तिचं पोट आणि गावातला मान, दोन्ही त्या बारा झाडांवर.

दोन वर्षांपूर्वी पुतण्या बजरंग आला. तो लातूरच्या एका मांडववाल्याकडे कामाला. एका बड्या लग्नात पाहुण्यांना शिंदीच्या पांढऱ्याशुभ्र टोप्या हव्या होत्या.

"पांढरं पान कोंबातच असतंय, बजरंगा. न्हाई जमायचं."

"काकू, झाडं काय सरणावर संगं नेणार हाईस?"

"मला पोचवायलाच आलास का रे, मुडद्या?"

तो हसला. पुढं ती चार दिवस बहिणीकडे शिरूर अनंतपाळला गेली. परतली तर अंगणात कोंबांचा ढीग. बाराही झाडांचे. आतला गोड गाभा बजरंगच्या दोस्तांनी खोबऱ्यासारखा खाऊन टाकला होता.

"आता वाळून वाया जाईल," बजरंग म्हणाला. "बघ बाई तुझं तू."

सासूचं दुसरं सांगणं तिला मोडवेना. ती विणत बसली.

त्या लग्नात जुना कलावंत म्हणून मलाही बोलावणं होतं. दाराशी टोप्या वाटायला साखराबाईलाच उभं केलेलं. मी टोपी घातली, झोकात मुजरा केला. टाळ्या पडल्या.

"साखराबाई, असं पांढरं काम जन्मात केलं नव्हतंस!"

"न्हाई केलं, राजे. कोंबाचं हाय."

माझं हसू तोंडातच राहिलं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांनी टोप्यांना हात पुसले आणि उष्ट्या पत्रावळींवर फेकल्या. ती त्या वेचून पदरात भरत होती. वाढप्याने हटकलं, "ए म्हातारे, उष्टं काय गोळा करायलीस?"

जुन्या झावळ्या सहा महिने हिरव्याच राहिल्या. बजरंग पारावर सांगत फिरला, "काकू उगंच रडायलीय, झाडं ठणठणीत हायत!" गाव हसलं. उन्हाळ्यात बाराही वाळली.

गेल्या आठवड्यात मी गेलो. ओढ्याकाठी बारा बोडके बुंधे. बजरंग तिच्यादेखत मला म्हणाला, "मला कशाला बोल लावता? टोप्या तर काकूनंच विणल्या."

"हाव," साखराबाई म्हणाली. "म्याच विणल्या."

तेव्हा ध्यानात आलं, माझ्या डोक्यावर तीच टोपी होती. मी घाईने काढली.

"राहू द्या, राजे," ती म्हणाली. "ऊन लई हाय. हितं सावली न्हाई आता."